आठ दिवसांसाठी मागून आणलेली थाळी

काशाची ती थाळी मी आठ दिवसांसाठी म्हणून मागून आणली होती. ती माझ्याकडे सव्वीस दिवस राहिली. का राहिली, हे मी वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं सांगितलं आहे. खरं काय झालं ते इथे लिहिते.

मी जव्हारची. बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. एम.ए.ला मी संगीत घेतलं आणि मुंबईला होस्टेलवर राहायला गेले. दुसऱ्या वर्षी जुनं संगीत आणि त्या त्या काळची वाद्यं असा एक विषय होता. तो घेणारे आम्ही पाचच जण. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, जुनं गाणं नव्या वाद्यावर वाजवलं की त्यातलं अर्धं सांडून जातं. एकदा त्यांनी तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, तारांची जुनी सारंगी ऐकवली आणि लगेच तीच धून स्टीलच्या तारांवर. पहिल्या आवाजात थोडी खरखर होती, धाप लागलेल्या माणसाने बोलावं तशी. दुसरा आवाज स्वच्छ होता आणि त्यात काहीच नव्हतं. त्या दिवसापासून मला त्या विषयाचं वेड लागलं, हे खरं आहे.

प्रबंधासाठी प्रत्येकाने आपल्या भागातलं जुनं वाद्य शोधायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "आमच्याकडे थाळीवर कथा लावतात."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "तुम्ही ऐकली आहे?"

"लहानपणापासून," मी म्हणाले.

मी एकदाही बसून ऐकली नव्हती. भात कापून झालं की गावाबाहेरच्या पाड्यातून कधी तरी गुणगुण यायची आणि आई म्हणायची, "त्यांचं सुरू झालं वाटतं." जव्हारात आम्ही 'त्यांच्यात' असंच म्हणायचो. 'आमच्याकडे' हा शब्द मला मुंबईत सुचला.

सुट्टीत घरी आल्यावर बाबांना विचारलं. ते गिऱ्हाइकाला डबे दाखवत होते. "दाभोशाच्या पुढच्या पाड्यात एक म्हातारा कथा लावतो," ते म्हणाले. "काशाची थाळी आहे त्याच्याकडे, चांगली जाड. किती वेळा म्हटलं, मोडीत घाल, दोन स्टीलच्या घेऊन जा. ऐकत नाही."

दुकानामागच्या खोलीतला मोडीचा ढीग पाहतच मी मोठी झाले. पाड्यांवरून आलेल्या काशाच्या थाळ्या त्यात असायच्या. गोण्या भरल्या की टेम्पो येऊन त्या वितळवायला न्यायचा. त्याबद्दल तोवर मला कधी काही वाटलं नव्हतं.

जीपने दाभोशाला गेले आणि पुढे चालत. कथा लावणारे आजोबा पडवीत बसले होते, आजी सुपात नागली पाखडत होती. माहेरी आलेली त्यांची मुलगी अंगण सारवत होती. मी दुकानाचं नाव सांगितल्यावर ओळख पटली. बाबा त्यांना 'काय रे' म्हणत. बाबांपेक्षा ते वीस वर्षांनी तरी मोठे असतील. मीही दुकानात त्यांना 'तू' म्हटलं असणारच. त्या दिवशी मात्र मी 'आजोबा, तुम्ही' असं बोलत होते.

त्यांनी थाळी पुढ्यात घेतली. मधोमध मेणाचा काळा गोळा होता, त्यात एक बारीक गुळगुळीत काडी उभी केली. बोटांना राख लावली आणि ती काडीवर वरून खाली ओढत राहिले. आधी वाटलं, भिंतीपलीकडे कुणी तरी घुमतंय. मग तो घुमारा सारवलेल्या जमिनीतून माझ्या मांडीपर्यंत आला आणि त्यावर त्यांचा आवाज चढला. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. दहा-बारा मिनिटांनी कोंबडा जवळच आरवला.

"आजोबा, तेवढं मधलं परत म्हणा ना."

"मधून कथा नाय लागं, बाय," ते म्हणाले, आणि काडी काढून ठेवली.

थाळी मुंबईला नेण्याची गोष्ट मी चहा पिताना काढली. स्टुडिओत चांगलं रेकॉर्डिंग होईल, धातू कुठला ते तपासता येईल, आठ दिवसांत परत. ते थाळीवरची राख पुसत राहिले. शेवटी आजीच बोलली. "दे ना. दुकानवाल्याची पोर हाय. कुठं पलंल?"

त्यांच्या बोलण्यात 'ळ' नव्हता. थाळीची थाली व्हायची.

"मेन काढू नको," आजोबा एवढंच म्हणाले. "माझ्या बापानं लावलेला हाय." मुलीने माझा नंबर घेतला.

रेकॉर्डिंग आणि तपासणी दोन दिवसांत उरकली. बाईंनी थाळी मांडीवर घेतली, नखाने हलकेच वाजवली आणि आवाज विरेपर्यंत तिला कान लावला. मग म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी बाहेरचे परीक्षक येणार आहेत. तोपर्यंत ही ठेवता येईल का? त्यांच्या घरच्यांना विचारून सांगा."

मी न विचारताच "चालेल म्हणाले" असं सांगितलं.

अठराव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी कँटीनमध्ये असताना फोन आला. आजोबांची मुलगी होती. "ताई, आई गेली. रविवारी तिचा दिस हाय. बाबा थाली मागतोय."

मेलेल्या माणसाच्या दिवसाला कथा लागते, त्याशिवाय त्याला वाट सापडत नाही असं ते मानतात. हे मी माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलंच होतं. परीक्षक सोमवारी यायचे होते.

मी म्हणाले, "अगं, थाळी विद्यापीठात कुलपात आहे. सोमवारशिवाय चावी मिळणार नाही."

थाळी माझ्या खोलीतल्या कपाटात, माझ्याच टॉवेलात गुंडाळलेली होती. कपाटाची किल्ली पर्समध्ये होती, आणि पर्स मांडीवर. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मला तिथल्या तिथे जव्हारच्या गाडीत बसवलं असतं. म्हणूनच सांगितलं नाही.

बाबांना फोन केला. "ते आले तर त्यांना दुकानातली एक थाळी द्या. काशाची असली तर बघा."

"काशाची आता कुठे मिळते? स्टीलची देतो," बाबा म्हणाले. "आणि तू नेलेली?"

"माझ्या खोलीवर आहे. सोमवार झाला की आणते."

सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसून परीक्षकांसमोर थाळी ठेवली. काडी उभी केली, राख लावून बोट ओढलं. मला जेमतेम आवाज काढता येत होता. तेवढ्यानेही खोली शांत झाली. "ही परंपरा आजही जिवंत आहे," मी म्हणाले.

परीक्षकांनी विचारलं, "अशा जुन्या थाळ्या बऱ्याच असतील ना?"

"फार थोड्या राहिल्यात."

"बाकीच्या कुठे गेल्या?"

"काळाच्या ओघात नाहीशा झाल्या," मी म्हणाले. त्यांनी मान हलवून ते टिपून घेतलं. त्या विषयात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले.

मंगळवारी निघता आलं असतं. मी शुक्रवारी निघाले. मधले दिवस मी कपडे धुतले, पुस्तकं परत केली, मैत्रिणीबरोबर खरेदीला गेले.

पाड्यात पोचले तेव्हा आजोबा पडवीतच होते. थाळी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, उलटी करून पाहिली, मेणावर अंगठा दाबला. थाळीला ओरखडाही नव्हता.

"गाड्या बंद होत्या," मी म्हणाले. "नाही तर आधीच आले असते."

"व्हय," ते म्हणाले. "एसटीचं काय खरं नाय."

मुलीने आतून आमच्या दुकानाची स्टीलची थाळी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. घासून लख्ख केली होती. "ही तुमची."

"राहू दे ना," मी म्हणाले.

"तिच्यावर मेन धरं ना," आजोबा म्हणाले. "दोनदा काडी पडली. मंग मी तसाच बोललो, नुसता तोंडानं."

"पण कथा झाली ना पूर्ण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "झाली. म्हातारी पोचली का नाय, ते कोन सांगंल?"

संध्याकाळी दुकानात बाबा हिशोबाची वही मिटता मिटता सहज म्हणाले, "दिलीस ना त्याची थाळी? इथे आला होता तेव्हा मी त्याला समजावलं. म्हटलं, पोरीची सोमवारी परीक्षा आहे, थाळी तिच्या खोलीवरच आहे, उगाच घाई करू नको. बरं म्हणाला आणि गेला."

म्हणजे मी गाड्यांचं सांगितलं तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. मुलीलाही. तिने तर कुलपाची गोष्ट फोनवर ऐकली होती. मला मात्र तेव्हा वाटलं होतं की बरं झालं, निभावलं.

चार दिवसांनी मी पुन्हा गेले. जीपमध्ये वाक्यं जुळवत होते, तिथे गेल्यावर एकही आलं नाही. "आजोबा, मी खोटं बोलले. थाळी माझ्याजवळच होती. मला आणता आली असती."

ते दोर वळत होते. हात थांबले नाहीत. "पेपर बरा गेला ना तुझा?"

"गेला."

"मंग," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "सुगीला कथा लावीन. ये."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

निकालानंतर बाईंनाही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गुण आता मी बदलू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण घरच्यांना विचारलं, असं तुम्ही मला सांगितलंत. मी त्यावर विश्वास ठेवला." त्यानंतर त्या माझ्याशी नीटच वागल्या, पण पुढे शिकायचं का, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. बाकीच्या चौघांना विचारलं.

मी आता जव्हारलाच एका शाळेत गाणं शिकवते. दुपारनंतर दुकानात बसते. मोड घेणं आम्ही बंद केलेलं नाही. काशाचं भांडं आलं तर मी बाबांना म्हणते, हे नको घेऊ या. कधी ते ऐकतात, कधी गिऱ्हाईकच ऐकत नाही, त्याला स्टीलचं हवं असतं.

त्यानंतर दोन सुग्या झाल्या. दाभोशाच्या जीपा आमच्या दुकानापासून दहा मिनिटांवर उभ्या असतात. मी गेलेले नाही. मागच्या महिन्यात आजोबा पातेलं घ्यायला आले होते. रस्त्यावरच त्यांना पाहिलं, आणि मी उठून जिन्यात गेले. खाली बाबा म्हणत होते, "काय रे, बऱ्याच दिवसांनी?" आजोबा काही तरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. ते जाईपर्यंत मी तिथेच उभी होते.