हुजुरांच्या गाडीचा क्लच

अधिकाऱ्याचा दौरा म्हणजे राज्याचे डोळे, असं हैद्राबाद संस्थानातल्या आमच्या जिंतूरच्या कचेरीत मानत. आमच्या तालुक्यात हे डोळे मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून हिंडत, आणि त्यांचं वजन बरंच होतं. पायाशी दप्तराची पेटी, चालवणाऱ्याच्या मागे साहेबांचे कागद सांभाळणारे पेशकार. चढ आला की सगळे उतरून ढकलत.

हे शोभत नाही म्हणून तहसीलदार साहेबांनी हैद्राबादहून मोठं इंजिन मागवलं, आणि ते बसवायला माझ्या मामांना बोलावलं. मामा पूर्ण्याच्या रेल्वे शेडमधून कमी केलेले फिटर. दोन वर्षं घरी बसून होते. दौरा नीट पार पडला तर ड्रायव्हर म्हणून कायम करू, असं साहेब म्हणाले होते. मामीनं ते गल्लीत सांगूनही टाकलं होतं.

इंजिन बसलं. मग मामा पेशकारांना म्हणाले, "इंजिन जोर लावंल, पण त्यो चाकापर्यंत पोचवायचा कुणी? क्लच लय हलका हाय. बुचाच्या नव्या चकत्या अन् कडक स्प्रिंगा पायजेत."

"मिस्त्री," पेशकार म्हणाले, "हुजुरांच्या कुठल्याच चीजेला हलकं म्हणत नसतात. अर्जी द्या."

मी तेव्हा कचेरीत बिनपगारी उमेदवार होतो आणि माझं उर्दू अक्षर चांगलं होतं, म्हणून अर्जी मी लिहिली. मसुदा पेशकारांनी तीनदा सुधारला. आधी 'कमजोर' गेलं, मग 'घसरेल' गेलं. शेवटी एवढंच उरलं, की नव्या इंजिनाच्या खिदमतीत जुना क्लच हाजिर आहे. साहेब वाचून खूश झाले. मामांना उर्दू येत नव्हतं. चकत्या कधी येतील, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, दौऱ्यानंतर. ते गाडी पुसायला गेले.

दौऱ्याच्या दिवशी गाडी मामा चालवत होते. चारठाण्याच्या अलीकडच्या चढावर मला पुढे धाडलं होतं, आणि वरती गावकरी हार घेऊन उभे होते. इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी वाजंत्री सुरू केली. आवाज वाढत गेला, गाडी मात्र मंदावत गेली आणि निम्म्यावर थांबली. जळक्या बुचाचा वास सुटला. मग ती हळूहळू मागे येऊ लागली. मी चाकाखाली दगड लावला. वाजंत्री चालूच होती. साहेब पोचल्याशिवाय ती थांबवायची कुणाची हिंमत नव्हती.

"इंजिन तर ओरडतंय," साहेब म्हणाले.

"ओरडायलंय, सरकार," मामा म्हणाले. "चाकाला ऐकू जाईना."

साहेबांनी त्यांना तिथंच कामावरून काढलं. पेशकारांनी अर्जी दाखवली. तिच्यात क्लचबद्दल तक्रार नव्हतीच. ती मीच लिहिली होती. मी चाकाखालचा दगड नीट बसवू लागलो.

मग गावातून बैलजोडी मागवली. गाडी जिंतूरला ओढून नेताना हँडल धरायला माणूस हवा होता, आणि तिथं ते मामांशिवाय कुणालाच येत नव्हतं. म्हणून बरतर्फी जिंतूरला पोचल्यावर लागू होईल, असं ठरलं. जिंतूर तिथून पाच कोस होतं.