डाव्या डोळ्यातला विटका लाल

त्या दिवशी विरारच्या बाजारापाशी रिक्षातून उतरताना माझ्या उजव्या डोळ्यात कचरा गेला. त्या डोळ्यावर रुमाल धरूनच मी मासे घ्यायला गेले. अर्नाळ्याच्या एका मावशीकडून मी कित्येक वर्षं मासे घेते. तिने बांगड्याचा कल्ला उघडून दाखवला. ताज्या माशाचा तो लालभडक असतो; मला मळकट, तपकिरी दिसला.

"मावशी, हा शिळा आहे."

"आज सकालचं म्हावरं हाय, बाय. नीट बघ."

"मला फसवू नका," मी चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले आणि तशीच निघाले.

घरी डोळा धुतला. दोरीवर माझी लाल साडी वाळत होती. उजव्या डोळ्याला ती लालभडक दिसली. डाव्याने पाहिली तर विटलेली. बांगडा मी याच डोळ्याने पाहिला होता. गेले चार दिवस तो डोळा फिरवला की आत दुखायचं; जागरणाने असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यापुढे धूर साचला.

डॉक्टर म्हणाले, "डोळा चांगला आहे. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस सुजलीय."

"चष्म्याने जाईल ना?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. हे पुन्हाही होऊ शकतं."

तीन दिवस सलाईनमधून औषध दिलं. महिन्याभराने दिसू लागलं, लाल मात्र जरा फिकाच राहिला. मग मी मावशीकडे गेले, सगळं सांगितलं, हात जोडले.

ती सुरी बाजूला ठेवून म्हणाली, "माझ्या आयेला दिसायचं कमी झालं. आमी मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसलो. निघाला काचबिंदू. तिची पन नसच गेली. आता तिला काय दिसत नाय."

"तुम्ही डोळे तपासून घेतलेत कधी?"

"मला दिसतंय की!"

मी हट्टच धरला. पुढच्या आठवड्यात तिला माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. तिलाही काचबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, पण कडेची नजर बरीच गेली होती. गेलेली परत येणार नाही, उरलेली टिकवायला थेंब रोज घालायचे, कायमचे, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाहेरच्या बाकड्यावर ती थेंबांची बाटली मुठीत धरून बसली.

"एवढं गेलं, बाय," ती म्हणाली, "आन् मला कललं कसं नाय?"

मी तिच्या शेजारी बसले. "मलाही साडी बघेपर्यंत कळलं नव्हतं, मावशी," मी म्हणाले.