आमच्या फ्रिजमधले तीन ट्रे

"बसू द्या त्याले, भाऊजी. घाई करसान तं पाणी होईन त्याचं."

फ्रिजचे दार लावून झाले की शेजारच्या वहिनी उघडा तळहात दारावर टेकवीत आणि हे वाक्य उच्चारीत. झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा तो हात असे. दार उघडून डोकावण्याची इच्छा झालेला मनुष्य त्या हाताकडे पाहून मागे फिरे. मी कित्येकदा फिरलो आहे.

आमच्या वसाहतीत त्यांच्याविषयी ज्या हकिकती सांगितल्या जातात, त्यांतल्या निम्म्या चुकीच्या आहेत. त्यांची आणि आमची भिंत एक होती आणि हा शेजार सव्वीस वर्षांचा होता. वाचकहो, तुम्हीही आपापले शेजारी न्याहाळत असालच. तेव्हा कोणाची साक्ष ग्राह्य धरायची, ते तुम्हीच ठरवा.

पहिली चुकीची हकिकत अशी, की बिस्किटे, चक्का आणि आंबा यांचा तो थंड पदार्थ त्या मोबाइलवर पाहून शिकल्या. आमच्या समोरच्या घरातले निवृत्त अभियंते हे छातीठोकपणे सांगतात. वस्तुस्थिती अशी, की त्यांच्या हाती तसा मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी मी तो पदार्थ त्यांच्या घरी खाल्ला होता. मे महिन्याची भर दुपार होती. उमरेडहून त्यांच्या माहेरचे आठ-दहा लोक न कळवता आले होते. माझी पत्नी म्हणाली, "शिरा टाकू का पटकन? माझ्याकडे रवा भाजलेला आहे."

"काहून वं?" वहिनी म्हणाल्या. "या उन्हात गॅसजवळ आपण शिजायचं अन् पंख्याखाली बसून त्यांनी खायचं? संध्याकाळपर्यंत थांबतीन. चक्का घरात आहे, आंबे आहेत, लेकरांचे बिस्किटं आहेत."

पाहुणे थांबले. त्या संध्याकाळी जे वाढले गेले, त्याला नाव नव्हते. पुढे वसाहतीने त्याला पुडिंग म्हटले, तेही चूकच. त्या स्वतः त्याला नुसते 'थंड' म्हणत. "रविवारी थंड करू का?" एवढेच विचारीत.

कृती साधी होती. शिस्त साधी नव्हती. दही बांधण्यासाठी त्या एकच फडके वापरीत. त्यांच्या वडिलांच्या मागावर विणलेले, जाड सुताचे. माग केव्हाच मोडीत निघाला होता आणि भाऊ कोळशाच्या खाणीत नोकरीला लागले होते. बिस्कीट दुधात 'एक' म्हणताना बुडवायचे आणि 'दोन' म्हणायच्या आत उचलायचे. पहिला थर उभा मांडायचा, त्यावर आंबा घोटलेला चक्का पसरायचा, मग दुसरा थर आडवा. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वसाहतीतल्या किमान चार गृहिणींनी हा पदार्थ करून पाहिला आणि चौघींनी सगळे थर एकाच दिशेने लावले.

"एकाच अंगानं लावलं तं कापतानी उसवते," त्या म्हणत. "कपड्यासारखंच आहे हे. उभं-आडवं पाहिजेच."

आंब्यांच्या बाबतीत त्यांचा कोणावरही विश्वास नव्हता. कळमन्याच्या बाजारातून मी एकदा मोठ्या हौसेने पेटी आणली. त्यांनी प्रत्येक आंबा देठाशी हुंगला आणि पाच बाजूला काढले. "हे तुमी खा, भाऊजी. पाहुण्यांले नका देऊ." मी ते पाचही खाल्ले आणि ते उत्तम होते, असे तेव्हाही सांगितले होते. ते उत्तम नव्हते.

त्यांचा फ्रिज लहान होता. आमचा मोठा होता. निवृत्तीनंतर मी घेतलेला तो वसाहतीतला सर्वांत मोठा फ्रिज होता आणि त्याचा मला अभिमान होता. त्यामुळे कोणाच्याही घरी मोठा कार्यक्रम असला, की सकाळी वहिनी आमच्याकडे ट्रे घेऊन येत. वाढदिवस असो की बारसे, उन्हाळ्यातले गोड त्यांच्याकडे, हे ठरूनच गेले होते. त्या एरवी फारशा बोलत नसत, बैठकीत मागे बसत. पण ट्रे कापायची वेळ आली की सुरी त्यांच्या हाती दिली जाई आणि वाट करून दिली जाई. तेवढ्यापुरता त्यांचा कणा ताठ होई.

आता त्या दिवसाविषयी.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अभियंत्यांच्या घरी नवी सून आली होती. तिच्या स्वागतासाठी मे महिन्यात त्यांनी सर्वांना गच्चीवर बोलावले होते. वहिनींनी सकाळी दहाला आमच्या फ्रिजमध्ये तीन ट्रे ठेवले आणि दारावर तळहात टेकवला. माझी पत्नी रामटेकला भावाकडे गेली होती. घरात मी एकटा होतो.

त्या संध्याकाळी ट्रे गच्चीवर नेले. वहिनींनी सुरी घातली आणि थर एकावर एक घसरले. दुसऱ्या ट्रेचेही तेच झाले, तिसऱ्याचेही. शेवटी डावाने वाट्यांत वाढावे लागले.

"वहिनी, हे खायचं की प्यायचं?" अभियंते म्हणाले. "ग्लास आणू का?"

सगळे हसले. नवी सूनही हसली. वहिनींनी सुरी पदराला पुसली आणि म्हणाल्या, "माह्यापासूनच चुकलं. चक्क्यात पाणी राहिलं."

मी काय म्हणालो? मी माझ्या वाटीतले संपवले.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे परत आलेले रिकामे ट्रे न्यायला आल्या. फ्रिजपाशी कूलरची लांब वायर जमिनीवर पसरलेली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग फ्रिजच्या स्टॅबिलायझरकडे पाहिले. खाली वाकून वायर उचलली आणि तळहातापासून कोपरापर्यंत, सुताची लड गुंडाळावी तशी, सावकाश गुंडाळली. ती स्टॅबिलायझरवर ठेवून म्हणाल्या, "वायर पायात येते, भाऊजी. पडसान."

एवढेच. पुढे कधीही, कोणापाशीही, त्या यावर बोलल्या नाहीत.

त्यानंतर वसाहतीत 'थंड' झाले नाही. कोणी बोलावले नाही असे नाही. पण बोलावण्यात तो पूर्वीचा विश्वास नव्हता. कोणी आइस्क्रीम मागवू लागले. त्याही म्हणू लागल्या, "आता होत नाही माह्यानं." कार्यक्रमांत त्या मागेच बसत आणि जेवण झाले की कोणाच्या लक्षात येण्याआधी निघून जात. वहिनींचा हात गेला, वयाने विसरभोळ्या झाल्या, अशी हकिकत रूढ झाली. मी मोबाइलचे खोडून काढले, पुडिंग या नावाचे खोडून काढले, त्या जिलेटिन घालतात या अफवेचे तर तावातावाने खोडून काढले. या एका हकिकतीला मी हात लावला नाही.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. थोडे दिवस आजारी होत्या. शोकसभेत अभियंत्यांनी, प्रेमानेच, ग्लासांचा किस्सा सांगितला. घरी आल्यावर मी त्यांच्या भाषणातल्या तीन चुका पत्नीला सांगितल्या. ती साडीची घडी करत होती.

"तुम्ही सगळ्यांचं सगळं खोडून काढता," ती म्हणाली. "त्या दिवसाचं निघालं की मात्र तुम्हाला तहान लागते."

वहिनींची मुलगी घर आवरायला आली तेव्हा मी आयुष्यात प्रथमच शेजाऱ्याच्या दारात काही मागायला गेलो. ते फडके मागितले. "काका, ते जुनं आहे," ती म्हणाली. मी म्हणालो, मला माहीत आहे.

या मे महिन्यात आमच्या गच्चीवर मी सर्वांना बोलावले. आदल्या दिवशी दही बांधले. आंबे देठाशी हुंगले. बिस्किटे एक आणि दोनच्या मध्ये उचलली, उभी मांडली, आडवी मांडली. सकाळी दहाला ट्रे फ्रिजमध्ये ठेवला. दुपारी व्होल्टेज इतके उतरले, की कूलरच्या पंख्याची पाती मोजता येत होती. मी कूलर बंद केला आणि ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन फ्रिजसमोर खुर्ची टाकली.

"अहो, वेड लागलं का? कूलरची पिन स्टॅबिलायझरला लावा ना थोडा वेळ," पत्नी म्हणाली.

"स्टॅबिलायझरला फ्रिज आहे."

मग तिने दुसरा दुपट्टा भिजवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.

संध्याकाळी सुरी मी घातली. तुकडा सरळ उभा राहिला, कडेला उभे-आडवे थर दिसत होते. अभियंत्यांनी चव घेतली.

"कोणी केलं? अगदी वहिनींच्या हातचं. त्या दिवसाआधीच्या वहिनींच्या."

"मी केलं," मी म्हणालो. "मला साधा चहा धड जमत नाही, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ऊन तेच आहे, फ्रिज तोच आहे, फडकंही तेच आहे. तरी थंड नीट बसलं. कारण आज फ्रिज चालू होता. त्या दिवशी दुपारी व्होल्टेज उतरून कूलर फिरेना, म्हणून मी स्टॅबिलायझरमधली फ्रिजची पिन काढून तिथे कूलरची लावली आणि चार तास झोपलो. मधे दोनदा उठून दार उघडून पाणी प्यालो. वहिनींचं काहीही चुकलं नव्हतं."

अभियंत्यांनी वाटी खाली ठेवली.

"त्यांना माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"आणि तुम्ही चार वर्षं..." हे खोडून काढण्यासारखे नव्हते.

सगळे गेल्यावर मी खाली आलो. दुपारी काढून ठेवलेली कूलरची वायर फ्रिजपाशी पसरलेली होती. मी ती उचलून तळहातापासून कोपरापर्यंत गुंडाळू लागलो. तीनदा सुटली. चौथ्यांदा कशीबशी राहिली, ती मी स्टॅबिलायझरवर ठेवली.