खोडाभोवतीचे काटे

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात मी चुकलो होतो आणि ती चूक माझ्याच अक्षरात पंचनाम्यावर लिहिलेली आहे.

काळ सत्तरच्या आसपासचा. मी सुरत जिल्ह्यात फौजदार होतो. मूळचा खानदेशातला. मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा नेमणूक सुरतेला होती, तिथेच राहून गेलो. जिल्ह्याच्या पूर्वेला धरणाचे काम चालू होते. जे जंगल बुडीतात, म्हणजे धरणाच्या पाण्याखाली, जाणार ते आधी तोडून घ्यायचे, असे ठरले होते. त्यासाठी डोंगरउतारावर चुन्याची रेघ मारली होती. रेघेखालचे झाड तोडायचे, रेघेवरचे राखायचे. तोडीचा ठेका एका लाकूडव्यापाऱ्याला मिळाला होता. रोज त्याचे ट्रक वनखात्याचा वाहतूक पास घेऊन सुरतेकडे येत आणि कोणी त्यांच्याकडे मान वर करून बघत नसे.

कडोदऱ्याला हमरस्त्यावर पंक्चर काढणारा एक माणूस आमचा खबऱ्या होता. एकदा सकाळची हजेरी चालू असतानाच तो ठाण्यात आला आणि बाकावर बसून राहिला. खबऱ्या स्वतः ठाण्यात येतो तेव्हा एक तर त्याला भांडण मिटवून हवे असते किंवा खबर पक्की असते.

"साहेब, बुडीताच्या लाकडाचे ट्रक बघता का कधी?" तो म्हणाला.

"पास असतो त्यांच्याकडे."

"पास वर असतो. मी खाली बघतो, चाकाला. नदीकाठची माती काळी. परवापासून दोन ट्रकांच्या टायरात लाल मुरूम अडकलेला निघतोय. लाल माती डुंगरावर असते, साहेब. बुडीतात कुठून आली?"

दुसऱ्या दिवशी त्यातला एक ट्रक अडवला. ड्रायव्हर निवांत होता. "बधा कागळ बराबर छे, साहेब," म्हणत त्याने पास पुढे केला, आणि कागद खरेच बरोबर होते. वरच्या थरात सुकलेला साग होता. तो उतरवल्यावर खाली शिसव निघाला, ओला, सालीसकट. बुडीतातला शिसव कधीच तोडून झाला होता. ट्रक ठाण्याच्या आवारात लावला, गुन्हा नोंदवला आणि वनखात्याला कळवले.

दोन दिवसांत जागा सापडली. रेघेच्या बरीच वर एक राखीव टेकडी होती. तिच्याबद्दल आधी सांगितले पाहिजे. पूर्वी ती उघडीबोडकी होती. दर पावसाळ्यात तिचा मुरूम वाहून खालच्या गावाच्या भातखाचरांत येऊन बसे. वनखात्याने उतारावर आडवे चर खणले आणि जुन्या खोडांना फुटवे येऊ दिले. पण फुटवे टिकायचे तर गुरे-बकऱ्या बंद व्हायला हव्या होत्या. त्या गावातलाच एक आदिवासी तिथे वनरक्षक होता. तो घरोघर फिरला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि चराई बंद करून दाखवली. पुष्कळांनी बकऱ्या विकल्या. काही वर्षांनी टेकडीवर रान उभे राहिले, खाचरांत मुरूम येणे थांबले आणि पायथ्याची विहीर उन्हाळ्यातही पाणी देऊ लागली.

त्या टेकडीवरचे तीस-पस्तीस जुने शिसव गेले होते. मी पंचांना घेऊन चढलो. बरोबर वनखात्याचे अधिकारी होते. त्यांनी पहिलेच खोड पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही आमच्याच माणसाची तोड आहे," ते म्हणाले. "चोर कधी वाकत नाही. उभ्याने कंबरेएवढ्या उंचीवर घाव घालतो आणि पळतो. हे बघा, जमिनीपासून वीतभरही नाही. वरून उतार दिलाय, पाणी ओघळून जावे म्हणून. असे तोडले तरच खोड पुन्हा फुटते. हे शिकलेल्याचे काम आहे."

मी लिहिले: खोडे जमिनीलगत, उतरती तोडलेली. आजूबाजूस बोरीच्या काटेरी फांद्या पडलेल्या. पंचांच्या सह्या घेतल्या आणि खाली उतरलो. टेकडीवर शिकलेला माणूस एकच होता. वनरक्षक त्याच आठवड्यात निलंबित झाला आणि चौकशीसाठी माझ्यासमोर येऊन बसला.

त्याच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. नोकरी गेली असती तर पेन्शन गेले असते, पण त्याचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. गावात बोलले जात होते की आम्हाला बकऱ्या विकायला लावल्या आणि स्वतः डोंगर विकला. त्याच्या सुनेला बायका विहिरीवर पाणी भरू देईनात. ज्या विहिरीला त्याच्यामुळे पाणी आले, तीच. हे मला हवालदाराने सांगितले.

तीन दिवस मी तेच तेच विचारत होतो. खोटे बोलणारा माणूस तिसऱ्या दिवशी काहीतरी भर घालतो, हा माझा अनुभव. हा तिसऱ्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकेच बोलला: "मी नाही तोडले." मला राग आला होता, हे कबूल करतो. मी पंचनामा काढून त्याला मोठ्याने वाचून दाखवला. म्हटले, तूच सांग आता, असे कोण तोडेल?

बोरीच्या फांद्यांपाशी त्याने हात वर केला.

"बोर वर नाही, साहेब. बोर खाली ओहोळाला आहे. फांद्या वर कशा पडतील?"

"मग?"

"कोणीतरी नेल्या. काटे खोडाभोवती लावतात ते बकरीसाठी, कोंब खाऊ नये म्हणून." मग तो पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "मारा डुंगर पर बकरी नथी आवती, साहेब. अगियार वरसथी नथी आवी. आमचा माणूस काटे कशाला लावेल?"

मी वही मिटली. ज्याला ती टेकडी माहीत होती, त्याला तिथे बकरी येत नाही हेही माहीत होते. काटे लावणारा परका होता आणि बकऱ्यांच्या मुलखातला होता.

पुन्हा टेकडी चढलो. या वेळी गुडघे टेकून पाहिले. प्रत्येक खोडाच्या बुडाशी माती आणि पाला सारलेला होता. फांद्या गोल रचलेल्या होत्या, काटे बाहेर, बुडखे आत, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून बुडख्यांवर दगड. एकही खोड वगळलेले नव्हते. चोरी करून जाताना माणूस मागे वळून बघत नाही. हा प्रत्येक झाडापाशी थांबला होता.

तिथून मी थेट बुडीतात गेलो. चुन्याच्या रेघेखाली नजर पोचेल तिथपर्यंत कंबरेएवढी ओबडधोबड खोडे उभी होती. पाण्यातच जायची, मग वाकतो कोण? दिवसभर फिरलो. रेघेला लागून असलेल्या एका कोपऱ्यात दहा-बारा खोडे सापडली, जमिनीलगतची, उतरती, आणि भोवती काटे.

तोडीवरचे मजूर जेवायला बसले होते. विचारले तर हसायला लागले.

"तो आप्पा, साहेब. बुडणाऱ्या खोडाला कुंपण घालायचा. आम्ही म्हणायचो, आप्पा, मासे खातील का रे कोंब?"

आप्पा नवापूरकडचा लाकूडतोड्या. तोड संपत आल्यावर टोळीतले काही जण सुरतेला गिरण्यांत लागले, त्यांच्यात तोही होता. उधन्याकडच्या चाळीत तो जावयाकडे राहत होता आणि गिरणीत सुताच्या गासड्या वाहत होता. मी साध्या कपड्यांत गेलो. त्याने मला पाणी दिले. मी अहिराणीत बोललो तसा तो खुलला, आणि मी पोलीस आहे म्हटल्यावरही फारसा बिचकला नाही.

"त्या लाल टेकडीवर शिसव तुम्ही तोडले?"

"हां. तोडनारा मी, ओढनारा बाकीना. मुकादमनी लई जायेल व्हतं आमले. तो म्हने, आते रेघ वर सरकनी, हाई टेकडीबी पानीमा जाई."

"पाण्यात जाणार होती तर काटे कशाला लावले?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच काही अडाण्यासारखे विचारले होते.

"आनि पानी नही उनं ते?"

पाणी आलेच नाही तर. मी ते तसेच वहीत लिहून घेतले.

त्याला ठाण्यात आणले. जबाब लिहून होईपर्यंत वनरक्षकालाही बोलावले होते. दोघे एकाच बाकावर बसले. तोडीचा दिवस जुळला. आठवडी बाजाराच्या दिवशी वनरक्षक हजेरीला वनखात्याच्या रेंज कचेरीत जात असे, आणि ठेकेदाराचा मुकादम टोळीला त्याच दिवशी भरदुपारी वर नेत असे. इतर दिवशी वनरक्षकाची फेरी खाली रेघेलगत असे, म्हणून वरची तोड त्याच्या नजरेस पडली नव्हती. मला हवे ते मिळाले होते. तेवढ्यात वनरक्षकाने आपल्या मोडक्या मराठीत आप्पाला विचारले, काटे का लावले?

"बकऱ्या खातीस ना भो."

"आपल्या डुंगरावर बकरी नाही. अकरा वरस झाली."

"राखेल डोंगर व्हता तो?" आप्पाने विचारले. वनरक्षकाने होकारार्थी मान डोलावली. आप्पा माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, राखेल डोंगर मी तोडा. कोठे सांगनं पडी ते सांगा."

मी त्याला कायदा समजावून सांगितला. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. तिथे गप्प राहिलास तर कदाचित सुटशील. हे सांगणे माझे कर्तव्य होते. त्याला माफीचा साक्षीदार करावे असा प्रस्तावही मी वर पाठवला. तो नामंजूर होऊन परत आला. आप्पाने एवढेच विचारले, की तो गप्प राहिला तर बाकावरच्या माणसाचे काय होईल. मी म्हणालो, त्याच्यावरचा संशय कागदावर तसाच राहील.

न्यायालयात त्याने सगळे सांगितले. कोणी नेले, कोणत्या दिवशी नेले, किती झाडे पाडली. मुकादमाला शिक्षा झाली. आप्पालाही झाली, काही महिन्यांची. ठेकेदारापर्यंत पुरावा पोचला नाही. त्याचे पास खरे होते, सह्या खऱ्या होत्या, आणि टेकडीवर त्याचे पाऊल कधी पडलेच नव्हते. निकालाच्या दिवशी तो न्यायालयाबाहेर मला नमस्कार करून गाडीत बसला. मला आजही त्याची चीड येते. वनरक्षकाला कामावर परत घेतले आणि त्याची सून पुन्हा विहिरीवर जाऊ लागली.

पुढे माझी बदली झाली. निवृत्त व्हायच्या आधी एका बंदोबस्तासाठी त्या भागात जाणे झाले, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून गावात गेलो. वनरक्षक आता घरीच होता. त्याने मला टेकडीवर नेले. कापलेल्या शिसवांना फुटवे येऊन ते मनगटाहून जाड झाले होते. मग म्हणाला, अजून एक बघायचे आहे, चला. आम्ही उतारावरून खाली पाण्याच्या दिशेने चालत गेलो.

धरण भरले होते. पण रेघ मारणाऱ्यांनी सावधगिरीने ती थोडी वरच मारली असावी. पाणी तिच्यापर्यंत पोचले नव्हते. मधे जमिनीचा एक लांब पट्टा कोरडाच राहून गेला होता. त्या पट्ट्यातली कंबरेएवढी खोडे काळी पडून, पोखरून, उभी कुजली होती. त्यांच्याभोवतीची माती पावसाने धुऊन नेली होती. एका कोपऱ्यात मात्र दहा-बारा झाडे हिरवी उभी होती आणि त्यांच्या मुळाशी माती होती.

"दिवाळीला गिरणी बंद असते तेव्हा येतो आप्पा," वनरक्षक म्हणाला. "माझ्याकडेच उतरतो. जास्तीचे फुटवे काढतो, एका खोडाला एकच ठेवतो."

धरणात गावे गेलेले लोक आता वरच्या बाजूला राहायला आले होते. थोड्या अंतरावर त्यांच्या बकऱ्या चरत होत्या.

पोलिसाला दिसते तेवढे तो लिहितो, असे आम्हाला शिकवले होते. मी शिकलो ते थोडे वेगळे. मला जे आधीच ठरवून हवे होते, तेवढेच मला त्या टेकडीवर दिसले. खोड नीट पाहिले, कारण त्यातून आरोपी मिळत होता. काट्यांतून काही मिळत नव्हते, म्हणून ते पडलेले आहेत असे लिहून मोकळा झालो. माझ्या त्या एका शब्दापायी एका सरळ माणसाची सून विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परतली. याबद्दल मी वनरक्षकाची माफी मागितली. तो म्हणाला, "बराबर छे, साहेब," आणि विडी पेटवली.

त्या दिवशी मला काही लिहायचे नव्हते. पंचही नव्हते. तरी मी गुडघे टेकले आणि एका शिसवाच्या बुंध्याशी वाकून पाहिले. बोरीच्या फांद्या ताज्या होत्या. काटे बाहेर होते, बुडख्यांवर दगड होते.