गुडघ्याएवढ्या झाडाला सहा फुटी काठी

आपल्या पायावर उभ्या असलेल्या कोणत्याही वस्तूवर आमच्या शेजारच्या काकांचा विश्वास नाही. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात, ताण दिलेल्या आणि पडणाऱ्या. भिवपुरीच्या वीजघराच्या नोकरीत त्यांनी जन्मभर विजेचे खांब उभे केले. त्यामुळे निवृत्त झाल्यावर अंगणात टोमॅटो लावायचे ठरले तेव्हा त्यांनी काठी आधी रोवली, रोप नंतर. जात बुटकी, गुडघ्याच्या वर न जाणारी. रोपं देणाऱ्याने तसं बजावून सांगितलं होतं. काकांनी तरी प्रत्येकाला सहा फुटी बांबू दिला, त्याला तिन्ही बाजूंनी तारेचे ताण दिले आणि पत्र्यावर नंबर रंगवून टांगला. शनिवार-रविवार शेतकरी होणारे एक गृहस्थ, ज्यांच्या फाटकावरची पाटी शेतापेक्षा मोठी आहे, एकदा गाडी थांबवून विचारू लागले, ही इस्रायली पद्धत का? काका म्हणाले, "नाय, सवय हाय."

झाडं अर्ध्या कापलेल्या ड्रमांत आहेत आणि ड्रम विटांच्या ओट्यावर, बरोबर कमरेइतके उंच. काका स्वतः अजून सहज वाकतात. वाकता येत नाही ते काकूंना. काकू लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून बंगळूरला गेल्या, त्याला आता चौथं वर्ष; बाळ शाळेत जातं. निघताना म्हणाल्या होत्या, "मला न वाकता तोडता येतील आसे लावा, मंग येते." काकांनी ते शब्दशः घेतलं. पहिली तोड काकूंची, म्हणून दर हिवाळ्यात फळं लाल होतात, काका हात लावत नाहीत आणि परिसरातले बुलबुल गुटगुटीत होतात.

यंदा झाडाला बांधलेली तार खोडात रुतली आणि चार नंबर मोडायला आला. काकांनी व्हिडिओ कॉल लावला, फोन मी धरला.

"आवो, तारेनं बांदलंत? खांब हाय का तो?" काकू म्हणाल्या. "सुती चिंधी घ्या. इंग्रजी आठाच्या आकड्यागत सैल बांदा, एक येढा काठीला, एक झाडाला."

"चिंधी नाय घरात."

"कपाटात माजी हिरवी सुती साडी हाय. फाडा ती."

"तुला लागंल ती."

"मला कशाला? मी काय आता नेसायला येनार हाय ती?"

नातवाचं नाक पुसता पुसता, सहज बोलल्या. फोन बंद झाला. काका आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. बाहेर आले ते आपला कामावरचा खाकी शर्ट घेऊन. "ह्यो पन सुतीच हाय," म्हणाले. आम्ही दोघांनी तो फाडला.

चार नंबर जगला. आता सगळी झाडं खाकी पट्ट्यांत उभी आहेत, फळं लाल झाली आहेत. परवा मी म्हटलं, "काका, तोडूया का?"

"थांब रं. पोराच्या शाळंला मे महिन्यात सुट्टी लागंल."

हे टोमॅटो मेपर्यंत टिकत नाहीत, हे त्यांना माहीत आहे, मला आहे, बुलबुलांना तर आहेच. मेसाठी वेगळी रोपं लागतील, एवढंच मी म्हटलं.

"मंग? धर ही काठी."

मी धरली. रिकाम्या ड्रमात त्यांनी ती ठोकली, तिन्ही बाजूंनी ताण दिले, नंबर टांगला. मग खाकी पट्टीचा एक वेढा काठीला घातला, आणि दुसरा तसाच मोकळा सोडला.