दुसऱ्या पंपाचा परशुराम

इतर बायकांच्या सवती लुगडं नेसतात. माझ्या सवतीला मिशा होत्या, आणि ती भल्या सकाळी पंचा गुंडाळून आमच्या खळ्यात येऊन खोकायची. नाव परशुराम.

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण एकदा घेते, म्हणजे गोंधळ नको. ह्यांचं नाव लवू. हे पाणबुडे. मुंबईच्या गोदीत पितळी टोप आणि रबरी पोशाख चढवून पाण्याखालची कामं शिकले, आणि मोडीत निघालेलं सामान विकत घेऊन मालवणला परत आले. पाण्याखाली ह्यांचा श्वास वरच्यांच्या हातात. दोन माणसांनी पंपाची चाकं फिरवायची, नळीतून हवा खाली जायची, तेव्हा हे जिवंत. म्हणून पंप दोन होते. एक चालता आणि एक राखून ठेवलेला. पहिला बिघडलाच तर नळी काढून झटकन दुसऱ्यावर बसवायची. टोपाला झडप असते, तेवढा वेळ पोशाखातली हवा पुरते. हा राखीव पंप आणि ह्यांच्या कमरेचा दोर, दोन्ही परशुरामाच्या ताब्यात.

परशुरामाला ना बायको ना पोर. जो पंप कधी लागत नाही त्याची तो देवासारखी सेवा करायचा. आणि हे, जे माझ्याशी ‘वाढ’ आणि ‘पुरे’ याच्यापलीकडे बोलत नसत, ते त्याच्याबरोबर नळीचे जोड आणि चामड्याचे वायसर यांवर अख्खी संध्याकाळ बोलायचे. नळी फाटली तर काय, दोर अडकला तर काय, चाक अडलं तर काय. पाण्याखालूनही बोलणं चालायचंच, दोराला हिसके देऊन. कुठल्या हिसक्याचा अर्थ काय, असं मी एकदा विचारलं, तर हे म्हणाले, “तुका कित्याक होया ता?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बरं, पंपाला तेल लागतं. मुशी माशाचं तेल घातलं की हवेला वास येतो आणि टोपात उलटी होते. मग घाला खोबरेल. कुठलं? माझ्या फडताळातलं. “वैनी, वायच तेल द्या,” की मी वाटी भरून द्यायची. माझे केस राठ राहिले तरी चालतील. थंडीत खोबरेल थिजतं, म्हणून पंपाला पांघरूण हवं. तेव्हा माझ्या आईने शिवलेली गोधडी गेली. मी कुडकुडायची आणि पंप उबेत.

एकदा मी तोंड उघडलं. म्हटलं, “दुसरो पंप माका द्या. मी सांभाळतंय.”

हे हसत सुटले. “पंप म्हणजे रोवळी न्हय गो, सुभद्रा.”

परशुराम हसला नाही, खाली बघत बसला. तो हसला असता तर परवडलं असतं.

सत्तावन्न सालच्या थंडीत निवतीकडचं काम आलं. एका व्यापाऱ्याचं गलबत फुटून त्यातले तांब्याचे पत्रे कातळाखालच्या घळीत जाऊन बसले होते. घळ म्हणजे पाण्याखालची गुहाच. डोक्यावर दगडाचं छप्पर, हवा तुटली तर वर उसळी मारायलाही वाट नाही. ओहोटीला कातळ उघडा पडला की त्यावर दोन्ही पंप मांडायचे आणि ह्यांनी खाली उतरायचं. मी रोज मडक्यातून गरम पेज घेऊन जायची. पेज निमित्ताला. खरं तर या दोघांवर नजर ठेवायला.

त्या दिवशी गारठा बोचत होता. लाटेच्या फवाऱ्याने गोधडी भिजली होती, ती परशुरामाने कातळावर वाळत टाकली होती. बाळा आणि महादू हे दोघे गडी चालता पंप फिरवत होते. एकाएकी कट्‌ असा आवाज झाला. पंपाचा दांडा मोडला आणि बाळाच्या खांद्यावर बसला. तो आडवाच झाला.

परशुरामाने दोर न सोडता एका हाताने नळी काढून राखीव पंपावर बसवली. महादूने चाकाला हात घातला. चाक हलेना. आत तेल थिजलेलं. महादूच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण चाक तसूभर सरकेना. “दोर खेच,” तो ओरडला. परशुराम म्हणाला, “खेचूक येना नाय. दोर दगडाक वळसो घालून गेलो आसा.” त्याचं तोंड पिठासारखं झालं होतं.

थंडीत थिजलेलं खोबरेल कसं पातळ करायचं हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? मी मडकं उचललं आणि कढत पेज पंपावर ओतली. मग पदर खोचून बाळाच्या जागी उभी राहिले. चाक कुरकुरलं, अडलं, आणि फिरलं. खालून दोराला हिसका आला. परशुराम ओरडला, “जितो आसा! फिरवा, वैनी, फिरवा!” हे घळीबाहेर येईपर्यंत मी फिरवत राहिले.

टोप काढला तेव्हा ह्यांचे ओठ निळे होते. नजर गेली ती परशुरामाकडे. “परशा, हवा मधीच खंय गेली रे?”

“माका नको इचारू. हवा वैनीन दिल्यान. मी नुसतो दोर धरून होतंय.”

तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, “आजपासून दुसरो पंप हिच्या ताब्यात.”

परशुरामाने कमरेचा पाना काढून माझ्या हातावर ठेवला. जळतोय मेला, मी मनात म्हटलं, जळू दे. साखर वाटावीशी वाटली मला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. काम ठरलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. रात्री उठून वायसर चाचपते. शेजारी कुणी फांदी मोडली तरी दांडा मोडला असंच वाटतं. हे मात्र जेवतात, झोपतात, आणि संध्याकाळी खळ्यात परशुरामाशी गप्पा मारतात. माझ्याशी अजून ‘वाढ’ आणि ‘पुरे’.

गेल्या महिन्यात देवगडचं काम होतं. आदल्या दुपारी मी पंप उघडून बसले होते आणि परशुराम माडाच्या सावलीत घोरत होता. अंगही सुटलंय त्याचं. मला राहवेना. ओरडले, “भावजी, उद्या हे पाण्यात उतरतले, आणि तुमका झोप येता तरी कशी?”

त्याने एक डोळा उघडला. “वैनी, इतकी वर्सां मी जागलंय,” तो म्हणाला. “आता तुमी जागतास.”

आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागला. मेल्याचा इतका हेवा मला जन्मात वाटला नव्हता.