दहा गोळ्या, अकरा भोकं

"तिच्या दस्त्यावर टॉवेल टाक."

क्लबचा सेक्रेटरी हे मला म्हणाला नाही. माझ्या बापाला म्हणाला.

मी सतरंजीवर पालथी पडले होते, रायफल खांद्याला लावून. नेम धरायचा तर गाल लाकडी दस्त्यावर टेकवावाच लागतो, त्याला इलाज नाही. रायफल क्लबची. उद्या त्याच दस्त्याला मोठ्या घरच्या पोरांचे गाल लागणार, आणि आज लागणार आमच्या वस्तीतला गाल. म्हणून टॉवेल.

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. त्यांचा स्वतःचा, घाम पुसायचा. चार घड्या घातल्या आणि माझ्या गालाखाली सरकवला. बापानं आपल्या हातानं लेकीच्या गालाखाली विटाळाचा टॉवेल सारला. बेंगळूरहून आलेला निवड अधिकारी खुर्चीत बसून हे बघत होता. त्याला मराठी येत नव्हतं. त्याला वाटलं असेल, पोरीची काळजी घेतायत.

त्या सेक्रेटरीला मी इथनं पुढं अरेतुरेच करणार. आप्पांना अहो-जाहो. ज्याला खटकेल त्यानं इथंच थांबावं.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी अठराची. आम्ही बेळगावातल्या अनगोळचे, बौद्ध. आप्पा कॅम्पापलीकडच्या एका रायफल क्लबात मार्कर. मार्कर म्हणजे कुणाच्या गोळ्या कार्डावर कुठं लागल्या ते बघणारा माणूस. शिट्टी झाली, गोळ्या थांबल्या, की ह्यानं मातीच्या बांधापाशी जायचं, कार्डं काढायची, भोकं मोजायची, कार्ड साहेबाच्या हातात आणून द्यायचं. सरावाच्या कार्डांची भोकं बुजवली की तीच कार्डं परत चालतात. त्यासाठी आई घरी कणकेची खळ शिजवायची आणि नखाएवढे कागदाचे तुकडे मी चिकटवायचे. सात वर्षांची असल्यापासनं. हजारो भोकं बुजवली असतील. कुणाचा हात थरथरतो, कोण चाप हिसकतो, कोण श्वास रोखत नाही, सगळं मला भोकांवरनं कळायचं.

सेक्रेटरी इनामदार घराण्यातला. कॅम्पात बंगला. दिवाणखान्यात बिबट्याचं कातडं. तो बिबट्या मारला कुणी, हे घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. येळ्ळूरच्या सभेत हाच माणूस माईक धरून गळा काढायचा, की सीमाभागातला मराठी माणूस एक आहे, आपल्यात जातपात नाही. आम्हीबी गेलतो त्या सभेला. टाळ्या वाजवल्या. माझ्या त्या टाळ्यांची मला आजबी लाज वाटते.

त्याचा पोरगा बाळराजे. माझ्याच वयाचा. रायफल परदेशी, अंगात कातड्याचा कोट, एका डोळ्यावर झापड. सगळा सरंजाम होता, नेम तेवढा नव्हता. दहातल्या तीन-चार गोळ्या तर कार्डालाच लागायच्या नाहीत. तरी बंगल्यात पदकांची रांग. ती कशी, ते ऐका. सेक्रेटरी आप्पांना नुसतं म्हणायचा, "पोराचं कार्ड नीट आण." नीट म्हणजे काय ते आप्पांना माहीत. बांधापाशी गेले की त्यांची पाठ सगळ्यांकडं. पाठीआड खिशातली शिसपेन्सिल निघायची आणि जेवढ्या गोळ्या कमी तेवढी भोकं पडायची, काळ्या चकतीच्या बरोबर मधोमध. क्लबात हे चहावाल्यालासुद्धा ठाऊक. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आप्पांनाही वाटत नव्हतं, हे मी लपवणार नाही.

मी कॉलेजात कॅडेट झाले आणि तिथं रायफल हातात आली. पहिल्याच महिन्यात शिकवणाऱ्या हवालदारानं माझं कार्ड खिशात घालून ठेवलं, बाकीच्यांना दाखवायला. मग नोटीस लागली. राष्ट्रीय स्पर्धेसाठी ज्युनिअर संघ, पोरं-पोरी एकत्र, आमच्या भागातनं एकच जागा. मला ती जागा पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की आठ दिवस ताटावर लक्ष लागलं नाही. आमच्या वस्तीतनं कुणी बेळगाव जिल्ह्याबाहेर खेळायला गेलं नव्हतं. मला जायचं होतं.

अर्जावर क्लबच्या सेक्रेटरीची शिफारस लागायची. प्रिन्सिपलचं पत्र घेऊन बंगल्यावर गेले. पायरीवरच उभी केली. अर्ज हातात घेतला नाही, तिथनंच वाच म्हणाला. नाव वाचलं. वय वाचलं. वडिलांचा धंदा वाचला. मार्कर म्हटल्यावर हसला.

"बाप भोकं मोजतो आणि पोरगी पाडणार होय? त्याच्याच हाताखाली लावून घेतो की तुला. अर्ज कशाला करतीस?"

आत बाळराजे पोहे खात बसला होता. तोही हसला. तोंड भरलेलं असताना हसू नये, एवढंसुद्धा त्या घराण्यानं त्याला शिकवलं नव्हतं.

शिफारस मिळाली, पण ती मेहेरबानी न्हाय. चाचणीला निदान दोन उमेदवार पाहिजेत असा नियम होता, आणि बाळराजेसमोर उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. नवरदेवाशेजारी करवली उभी करतात, तसं मला उभं करायचं ठरलं. मला ते कळत होतं. मी म्हटलं, उभं तर राहू.

तर टॉवेल. ज्यानं कधी रायफल धरली नाही त्याला सांगते, गाल अर्धं बोट वर उचलला तरी नेम जातो. सरावाच्या वेगळ्या कार्डावर तीन गोळ्या मी टॉवेलावर गाल ठेवून मारल्या. तिन्ही वर गेल्या. शेजारी बाळराजे खिदळला. मग मी टॉवेल ओढून काढला, डाव्या कोपराखाली घेतला आणि गाल लाकडावर टेकवला. सेक्रेटरीनं बघितलं. तोंड उघडलं आणि परत मिटलं. ओरडला असता तर बेंगळूरच्या साहेबाला कारण सांगावं लागलं असतं. पाहुण्यासमोर ह्यांचा विटाळसुद्धा गप बसतो. मी दहा गोळ्या मारल्या. कुठं गेल्या ते मला कार्ड न बघता माहीत होतं.

शिट्टी झाली. सेक्रेटरीनं नेहमीचं वाक्य टाकलं, पोराचं कार्ड नीट आण. आप्पा गेले. पाठ आमच्याकडं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. मग दोन्ही कार्डं आणून त्यांनी टेबलावर ठेवली.

साहेबानं माझं कार्ड उचललं. दहा भोकं, सगळी काळ्यात. त्यानं मान हलवली. मग बाळराजेचं घेतलं. मोजलं. परत मोजलं. एकेका भोकाला पेन टेकवत तिसऱ्यांदा मोजलं.

अकरा.

दहा गोळ्या आणि अकरा भोकं. असला नेमबाज अख्ख्या हिंदुस्थानात शोधून सापडायचा न्हाय.

सेक्रेटरी म्हणाला, पोरीची एक गोळी चुकून शेजारच्या कार्डाला लागली असेल. साहेब म्हणाला, तिच्या दहाच्या दहा तिच्याच कार्डावर आहेत. तेव्हा सेक्रेटरीनं जरासुद्धा न थांबता बोट आप्पांकडं केलं. हा तिचा बाप आहे, म्हणाला. ह्यानंच पोरीच्या कार्डात पेन्सिल घातली. चुकून एक भोक शेजारच्या कार्डात पाडलं. खिसा बघा त्याचा. आप्पांच्या खिशात पेन्सिल होतीच, सेक्रेटरीनंच घेऊन दिलेली.

मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी खरं काय ते एकदा सांगितलं असतं तर काम झालं असतं.

"आप्पा, सांगा की."

आप्पांनी हात जोडले. माझ्यासमोर न्हाय, त्याच्यासमोर.

"चुकी झाली, सरकार. लेकीच्या मायेपोटी केलं."

टॉवेलानं जे झालं नव्हतं ते ह्या वाक्यानं झालं. मी मारलेल्या दहा गोळ्या माझ्याच बापानं मालकाच्या पायावर घातल्या. त्या घटकेला मला आप्पांचा जेवढा राग आला तेवढा इनामदाराचाबी आला नव्हता.

रडू आलं नाही. मी टेबलापाशी गेले आणि बाळराजेचं कार्ड उचललं. सेक्रेटरी हात लावू नको म्हणाला. मी लावला. साहेबाला मोडक्या हिंदीत सांगितलं, की असल्या कार्डांची भोकं बुजवत मी मोठी झालेय. गोळीच्या भोकाची कड शिशानं काळवंडते. पेन्सिलीच्या भोकाची कड नुसती फाटते आणि मागनं कागदाची पाकळी निघते, ती बोटाला लागते. आधी माझ्या कार्डावरनं हात फिरवा, मग ह्याच्या.

त्यानं फिरवला. माझ्या कार्डावर बोट कुठंच अडलं नाही. बाळराजेच्या कार्डावर चार ठिकाणी अडलं. त्याला कळलं, आणि कळल्याचं त्याच्या तोंडावर दिसलं. मग त्यानं घड्याळ बघितलं. दुपारचं जेवण इनामदाराच्या बंगल्यावर होतं.

निकाल असा लागला. दोन्ही कार्डं रद्द. वेळ नाही म्हणून परत चाचणी नाही. जागा मागच्या वर्षांच्या कार्डांवरनं ठरणार. मागच्या वर्षांची कार्डं बाळराजेची, आणि ती कशी केलेली ते तुम्हाला आता माहीत आहे.

वर माझ्यापुढं एक कागद सरकवला. मार्करनं गैरप्रकार केल्यामुळं माझं कार्ड रद्द झालं, हे मला मान्य आहे. खाली सही. सेक्रेटरी जवळ येऊन हळू आवाजात बोलला, आता अगदी मायाळू. सही केलीस तर बापाची नोकरी राहील आणि तुलाबी कार्डं चिकटवायला पगारावर घेतो.

"कर गं सही," आप्पा म्हणाले. "पोटाचा प्रश्न हाय."

मी पेन घेतलं. कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं: माझ्या कार्डावरच्या दहाही गोळ्या माझ्या आहेत. पेन्सिल बाळराजेच्या कार्डात घातली, ती त्याच्या वडिलांच्या हुकमानं घातली. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. सेक्रेटरीनं वाचलं आणि कागदाचे चार तुकडे केले.

"दुसरा कागद द्या," मी म्हणाले.

दिला नाही. प्रिन्सिपलच्या पत्राची पाठ कोरी होती, तिच्यावर परत तेच लिहिलं. तेही फाडलं. साहेब तोवर जीपकडं चालायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी आप्पांना काढलं. मामाच्या ओळखीनं ते निपाणीला तंबाखूच्या वखारीत लागले. रविवारी घरी यायचे ते शिंकत, डोळे लाल करून. माझ्याशी बोलायचे नाहीत. मीही बोलत नव्हते. आई दोघांच्या मधे निरोप पोचवायची, जेवायला बसा म्हणावं, पाणी दे म्हणावं. दोन महिने असंच चाललं.

बाळराजे राष्ट्रीय स्पर्धेला गेला. स्टेशनवर हार घालून पाठवला. शेवटनं पहिला आला. तिथं कार्ड आणायला आप्पा नव्हते. परत आल्यावर म्हणे, तिकडची हवा मानवली नाही. आता कुठल्याशा क्रीडा समितीवर आहे आणि पोरांना नेम कसा धरायचा ते सांगतो. सांगू दे बापड्याला.

एका रविवारी आप्पा जेवताना एकाएकी बोलले.

"त्या दिवशी तुझं कार्ड आधी काढलं गं. दहाच्या दहा काळ्यात. डोळं भरून आलं. मग त्येचं मोजायला चुकलो."

बाळराजेची एक गोळी कार्डाच्या कोपऱ्यात खिळ्याशेजारी लागली होती. भरल्या डोळ्यांना ती दिसली नव्हती. म्हणून एक भोक जादा पडलं. मला लई वाईट वाटलं. रागही गेला नाही. दोन्ही तसंच राहिलं.

मी म्हणाले, "आप्पा, ती चूक न्हाय. इतकी वर्सं त्याचं नीट मोजत होता, ती चूक."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग विचारलं, कागदावर काय लिव्हलतंस. मी वहीचं पान फाडून परत तेच लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी पेन मागून घेतलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. तो कागद मी बेंगळूरला पाठवला. उत्तर नाही. पुढच्या वर्षी अर्ज केला, त्याला तोच मजकूर जोडला. शिफारस नाही म्हणून अर्ज परत आला. त्याच्या पुढच्या वर्षीही तसाच. मग माझं ज्युनिअरचं वय संपलं. संघात मी कधीच गेले नाही.

लोक म्हणतात, सोड आता, तो सेक्रेटरीबी म्हातारा झालाय, काठीशिवाय चालता येत न्हाय. का सोडू? त्यानं माफी मागितलेली नाही, आणि उद्या मागितली तरी मी देणार नाही. माझ्या दहाही गोळ्या माझ्या होत्या. हे मी परत लिहिलंय, खाली माझीच सही आहे. फाडा आता.